झुंबरबाईंनी आपल्याच सँडल सर केल्या त्याची हकीकत

ज्या थोरांनी उभ्या हयातीत ठेका म्हणून धरिला नाही, त्यांनी नाचाचा गौरव करण्याची मोहीम काढिली. ती जाहली तैसी लिहितो. कोणास मिरच्या झोंबल्यास आमचा इलाज नाही.

शहरी क्वीअर मंडळींचा एक क्लब होता. तो चालता होता तोवर वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक, राजमान्य राजेश्री साहेब, त्या गल्लीतून नाक मुरडून जात. आणि मग क्लबास कुलूप पडिले, आणि साहेबांचे काळजात अकस्मात प्रेमाचा पूर आला. मग फर्मान सुटले की क्लबाच्या संगीताचे व कलेचे प्रदर्शन मांडावे. मग पोस्टरे, दिवे, तबकड्या ऐसा सरंजाम जप्त केलियाप्रमाणे गोळा केला, आणि क्लबाची मुख्य नर्तकी झुंबरबाई, तिच्या लाल उंच टाचेच्या सँडल काचपेटीत कैद केल्या, आणि पाटी ठोकिली : 'दिवंगत झुंबर यांच्या सँडल.'

झुंबरबाई तो जिवंत, धडधाकट! परंतु चौकशीची तसदी कोण घेतो? जिवंताचा गौरव करणे तर त्यास खुर्ची द्यावी लागते. मेलेल्यास पाटी पुरते.

उद्घाटनी वाजविण्याची कामगिरी क्लबाच्याच डीजेताईस होती. तिने झुंबरबाईस आणिले. क्लबास कुलूप पडल्यापासून सात वर्षे बाई नाचली नव्हती; आज आपल्या माणसांपुढे आपल्याच सँडलांत नाचावे, एवढाच मनसुबा.

पाटी वाचून बाई म्हणाली, "अगं, मी मेले कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

"पाटीवर शिक्का आहे," ताई म्हणाली. "मेलीच असशील. नीट आठव."

मग साहेबांकडे अर्ज गुदरला. हुकूम जाहला की वस्तू नोंदवहीत दाखल, सबब तीस मानवी पाय लागणे नाही. बाईंस नाचणेच असल्यास मोजे घालून, दोरीपल्याड, आवाज न करिता नाचावे.

मग बाईने वेढा घातला. पेटीशेजारी उभी राहिली, आणि येईल त्या पाहुण्यास हात जोडून म्हणे, "नमस्कार, मी दिवंगत झुंबर. या, सरबत घ्या." आणि पाहुणे हसो लागले, आणि वार्ताहरांनी पाटीसकट बाईचे फोटो काढिले, आणि साहेबांचे कपाळी घाम दाटला. साहेबांनी पदर पसरला की बाहेर जाऊन बोलू. बाई म्हणाली, "मेलेली माणसं कुठं जातात साहेब? किल्ली आणा."

किल्ली आली. बाईने सँडल चढविल्या, ताईने तबकडीवर सुई टेकविली, आणि भिंतीस चिकटून अदबीने उभी क्लबाची फौज दोरी तुडवून आत घुसली, आणि ऐसा दणका उडाला की शेजारल्या दालनातील पुतळेच तेवढे स्थिर राहिले. त्यांत साहेबही धरावे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पाटी उतरली. साहेबांनी स्वहस्ते नोंदवही दुरुस्त केली, ती येणेप्रमाणे : वस्तू, सँडल. नग, दोन. मालकीण, हयात. सद्यस्थिती, वापरात.