काळूरामने आणलेली वीज

काळूराम भोईरच्या रेडिओत तडतड सुरू झाली, की वळ गावातल्या त्याच्या आळीतल्या बायका गच्चीवरची सुकट गोळा करायला धावत. हे गेली नऊ वर्षं चाललं होतं आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी साधा चहासुद्धा विचारला नव्हता.

काळूराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, सरकारी परवाना त्याने तिसऱ्या खेपेला परीक्षा देऊन मिळवला होता. गच्चीवर चाळीस फुटी लोखंडी खांब उभारून त्यावरून अँटेनाच्या तारा ताणल्या होत्या. रोज दुपारी चारला तो सावंतवाडीच्या जीवन मास्तरांशी बोलायचा. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. बोलणं तरी काय? आमच्याकडे वारा आहे, तुमच्याकडे कसं, आज तुमचा आवाज जरा बारीक येतोय. पण त्या अर्ध्या तासासाठी काळूराम दाढी करून बसायचा.

लांब कुठे वीज चमकली, तरी ती ढग दिसायच्या आधी रेडिओत ऐकू येते. तडतड जवळ येऊ लागली, की काळूराम मास्तरांना रामराम करायचा. रेडिओचा प्लग काढायचा, अँटेनाची वायर सोडवून जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या सळीला जोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कशाला हात लावायचा नाही. त्याआधी मात्र खिडकीतून ओरडायचा, "वीज येते रं! टीव्हीच्या पिना काढा! मोकल्यावर थांबू नका!"

बायका सुकट उचलत. पिना कुणी काढत नसे.

एप्रिलअखेरीस त्याने असंच ओरडून सांगितलं. समोर राहणारा त्याचा चुलतभाऊ, गोदामवाला विवेक, क्रिकेटची मॅच बघत होता. त्याने हात हलवला आणि आवाज वाढवला. वीस मिनिटांनी त्याच्या परसातल्या नारळावर वीज पडली. टीव्ही गेला, फ्रिज गेला, गोदामावरचे सगळे कॅमेरे गेले. काळूरामचा रेडिओ ठणठणीत राहिला.

संध्याकाळी विवेक दारात उभा.

"मला एक सांग कालू. वीज पडनार, हे तुला कसं कललं?"

"रेडिओत ऐकलं."

"गावात कोनाला ऐकू येत न्हाय. तुलाच कसं येतं?"

"रेडिओ माझ्याकडंच हाय म्हनून."

"बघ!" विवेक मागे वळून, जमलेल्या लोकांना म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

रविवारी देवळात गावकी बसली. काळूरामने कागदावर खांब, तार, सळी असं सगळं काढून नेलं होतं. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि तिसऱ्याने त्यावर तंबाखू मळली.

"तुझा खांब वीज ओढतो," विवेक म्हणाला.

"ओढली असती तर खांबावर पडली असती. पडली तुझ्या नारलावर."

तंबाखू मळणाऱ्याचा हात थांबला. काळूरामला वाटलं, पटलं. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "म्हंजे हा वरनं ओढतो आनि दुसऱ्याच्या दारात टाकतो."

हे मात्र सगळ्यांना पटलं. दुसऱ्याच दिवशी विवेकच्या गोदामातली क्रेन आली आणि खांब आडवा झाला.

"मी बोलू का त्यांना?" काळूरामची बायको कमळ चिडून म्हणाली.

"राहू दे. गावात राहायचंय."

मग त्याने घरातल्याच खिळ्यांना एक तार बांधून बघितली. मास्तरांचा आवाज काही येईना. शेवटी त्याने फोन लावला. "कसं काय?" झालं, "बरं आहे" झालं. फोनवर आवाज इतका स्वच्छ येत होता, की बोलायला काही उरलंच नाही. दोन मिनिटांनी मास्तरांनीच "ठेवतो मग" म्हटलं. त्यानंतर काळूरामने दाढी एक दिवसाआड केली.

मेच्या अखेरीस गावच्या क्रिकेट सामन्यांची फायनल होती. भरवणारा विवेक. गोदामांमागच्या, शाळेला लागून असलेल्या उघड्या मैदानावर लोखंडी पाइपांचा मांडव, आत सोफे, टेबलावर कमरेएवढा चषक आणि भोवती साडेतीनशे माणसं. काळूराम गेला नव्हता. तो घरात रेडिओ लावून नुसतीच खरखर ऐकत बसला होता. सव्वातीनला त्यात तडतड सुरू झाली. पंधरा मिनिटांत ती इतकी वाढली, की त्याने प्लग ओढला.

"जाऊ नका," कमळ म्हणाली. "सांगितलं तर तुम्हीच आनली म्हनतील."

"आनि न्हाय सांगितलं तर?"

तिनेच त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

मैदानावर ऊन होतं. फक्त दिघाशी गावाच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं आणि तिकडचा गडगडाट लाउडस्पीकरखाली दबून जात होता. विवेकचा मुलगा कुणाल माइकवर होता.

"कुणाल, खेल थांबव. मानसं शालेत ने."

"काका, चार ओव्हर राहिल्यात!"

मांडवातून विवेक ओरडला, "अरे, खांब उतरवला ना तुझा? आता कुठनं आनतोस वीज?" सोफ्यावरचे पाहुणे हसले.

काळूरामने माइक हिसकावला. "वीज जवल आलीय. मोकल्यावर थांबू नका, झाडाखाली नको, हा लोखंडी मांडव तर अजिबात नको. शालेच्या पक्क्या इमारतीत चला." लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक माणूस उठला, तोही पाणी प्यायला. पुढच्या रांगेत त्याच्या आळीतली म्हातारी बायजाबाई बसली होती. नऊ वर्षं तिची सुकट त्याच्या ओरडण्यावर वाचली होती. तीही पदर सावरून तशीच बसून राहिली.

आभाळ एकदा पांढरं झालं. काळूरामने मनात आकडे मोजले. दहापर्यंत पोहोचायच्या आतच गडगडाट झाला; म्हणजे वीज जेमतेम तीन किलोमीटरवर होती. त्याने पुन्हा माइक तोंडाशी धरला.

"शालेत बिर्यानी वाढायला घेतलीय. चिकनची. संपत आलीय."

मैदान उठलं. बॅट्समन बॅटीसकट पळाला, अंपायर त्याच्या पुढे पळाला. बायजाबाईने नातवाच्या दंडाला धरून दोघातिघांना मागे टाकलं. जेवण आपण सांगितलेलंच नाही, हे ठाऊक असूनही विवेक पळाला.

शेवटची माणसं शाळेच्या व्हरांड्यात शिरली आणि वीज मांडवावर कोसळली. कनात पेटली, सोफे पेटले, चषक काळाठिक्कर पडला. काळूराम भिंतीला टेकला. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, असं त्याला वाटलं.

मागच्या वर्गातून आवाज आला, "पन बिर्यानी कुठं हाय?"

गावकी पुन्हा बसली. आरोप एकच: पाहुण्यांसमोर, माइकवर, गावाच्या नावाने खोटं बोलणं.

"साडेतीनशे मानसं वाचली," काळूराम म्हणाला.

"वाचवली ती देवीनं. खोटं बोललास तो तू."

"मग खांब तरी परत लावू द्या."

त्यावर विवेकने बराच विचार केला. "खांब उतरवूनसुद्धा वीज आली. म्हंजे दोष खांबाचा न्हवताच," तो म्हणाला, "मानसाचाच हाय." माना डोलल्या. ठरलं असं, की काळूरामने बोललेला शब्द खरा करावा. रविवारी अख्ख्या गावाला बिर्याणी.

रविवारी शाळेच्या पटांगणात पंगती बसल्या. कमळने पहाटेपासून चूल धरली होती. काळूराम बादली घेऊन रांगेरांगेने वाढत होता. लोक पोटभर जेवत होते आणि मांडव कसा पेटला ते एकमेकांना रंगवून सांगत होते. त्यात आपण आधीच कसं ओळखलं होतं, हेही सांगत होते.

शेवटच्या रांगेतून बायजाबाईने त्याला हाताने खूण केली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. काळूरामने बादली खाली ठेवली आणि तो तिच्यापुढे उकिडवा बसला. म्हातारीने त्याचा हात धरला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली,

"काल्या, तुला म्हनून सांगते रं पोरा. कोनी तोंडावर बोलनार न्हाय..."

"बोल ना, म्हातारे."

"तिखट लई झालंय. आनि मीठ कमी हाय."

काळूराम उठला आणि मीठ आणायला गेला.