सरांनी नाव दिलेला जीव

आज माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते टिळेकर सरांमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. जिंतूरहून संशोधनासाठी नोएडाला आलो तेव्हा मी समुद्रही पाहिला नव्हता. आणि सर मला शिकवणार होते समुद्राच्या पाण्यात तरंगणारे, तांदळाच्या कणीहून लहान असे प्राणी.

सरांच्या खिशात कायम भिंग असे. मटार घेतानाही ते एकेक शेंग भिंगाखाली धरत. मागे गिऱ्हाइकं खोळंबत. "बाबूजी, सब एक जैसे हैं," भाजीवाला म्हणे. "ठीक से देखा?" सर विचारत. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, मला, सगळ्यांना हाच प्रश्न.

आमच्या सेक्टरात तेव्हा एकाच साच्यातली घरं भराभर उभी राहत होती. एका संध्याकाळी हेच सर शेजारच्या अरोरांच्या घरात शिरले आणि पेपर उघडून सोफ्यावर बसले. अरोरा आंटींनी मुकाट्यानं चहा दिला. तो संपल्यावर सरांनी विचारलं, पडदे कधी बदलले? घरी एकट्या राहणाऱ्या या माणसाला चहा कुणी केला हा प्रश्न पडला नव्हता.

तरुणपणी सरांनी एक नवा सागरी जीव शोधून त्याला नाव दिलं होतं. त्याची त्यांनी शाईनं काढलेली चित्रं प्रयोगशाळेत लावलेली होती. सरांचं नाव होतं ते या एका प्रजातीमुळे. प्रबंधासाठी मी तिच्याच नमुन्यांचा डीएनए तपासला. बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे ते प्राणी आतून दोन वेगळ्या प्रजातींचे होते. सरांनी दोन्ही एकाच नावाखाली घातल्या होत्या.

नळीत काही मिसळलं असेल म्हणून मी सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच. ज्यांनी हे काम शिकवलं, त्यांचंच काम मी चुकीचं ठरवायचं? मी सरांना टाळायला लागलो. शेवटी डबा खाताना त्यांनीच विचारलं, काय लपवतोयस? मी कागद पुढे केला.

सर बराच वेळ वाचत राहिले. पोळीचा तुकडा तसाच हातात. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण तो आलाच नाही.

"इतकी वर्षं मी याला एकटा समजत होतो," ते म्हणाले, "आणि याच्या सोबत कायम दुसरा होता." मग चष्मा पुसत म्हणाले, "बरं झालं रे."

पुढे सर निवृत्त झाले. मला कोकणकिनाऱ्यावर नोकरी लागली. एकदा फोनवर आंटींनी सांगितलं, डॉक्टर साब आता भाजीलाही बाहेर पडत नाहीत. म्हणतात, सगळं यंत्रच सांगतं, माझ्या डोळ्यांचं काय काम. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप सर, साष्टांग नमस्कार.

प्रजाती दोन आहेत, इतकंच डीएनए सांगतो. शरीरावर फरक कुठे आहे ते मला सापडत नाही. पायांवरचे काटे बघून बघून डोळे दुखले. तो फरक सापडेपर्यंत दुसरीचं वर्णन पुरं होणार नाही, आणि तो शोधणारी नजर माझ्या माहितीत एकच आहे. खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला आहे. होडीवाले रोज सकाळी समुद्राचं ताजं पाणी आणून देतात. काम लवकर उरकणारं नाही. सगळं सामान घेऊनच या.

तुमचा,
दिगंबर"