सेलांना दाखवलेलं ऊन

सेल कसे सांभाळावेत हे अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणाला कळत असेल तर ते मला! हे मी आजही म्हणतो. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

२००४ साली आखाडा बाळापूरच्या माझ्या फोटो स्टुडिओत मी डिजिटल कॅमेरा आणला. त्याला चार सेल लागायचे, पुन्हा पुन्हा चार्ज करायचे. सोबतचा इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला. सेल चार्ज करून ठेवावेत, गार जागी ठेवावेत, ऊन लागू देऊ नये. म्हणून ते प्लॅस्टिकच्या डबीत घालून मी घरी माठामागच्या सावलीत ठेवले आणि बायकोला बजावलं, "संगिता, या डबीला कुणी हात लावला तर माझ्यासारखा वाईट कुणी न्हाई."

"आत्ता तरी कुठं हाय दुसरा," ती भाकरी थापत म्हणाली.

मी तापलो होतो त्याला कारण होतं. रविवारी साखऱ्याजवळच्या तांड्यावर किसनसिंग नाईकांच्या पोरीचं लग्न होतं. नाईक म्हणाले होते, "फोटू बराबर निघाले तर आमच्याकडली सारी लग्नं तुलाच." नाही निघाले तर ती जाणार पुनमचंदकडे. हा पुनमचंद तेव्हाही रोलचा कॅमेरा गळ्यात घालून हिंडायचा, आणि माझ्या कॅमेऱ्याला खेळणं म्हणायचा. सगळा सीझन त्या एका लग्नावर होता.

रविवारी मी मांडवात पोचलो. नाईक फेटा सावरत होते, मी पहिला फोटो काढला. कॅमेरा कुंईं करून बंद पडला. सेल काढले, पुसले, उलटेपालटे केले. मेलेले ते मेलेलेच! पहिला राग आला संगिताचा. हिनंच डबी हलवली असणार. दुसरा आला दुकानदाराचा.

"काय झालं?" नाईकांनी विचारलं.

"काही न्हाई. फक्त चार सेल पाहिजेत."

माणसं मोठी मदतीची. दोन सेल टीव्हीच्या रिमोटमधून निघाले, एक कुण्या पाहुण्याच्या रेडिओतून. चौथा मी स्वतः खुर्चीवर चढून ओसरीवरच्या घड्याळातून काढला. कॅमेऱ्यानं ते चारही गिळले, भिंग बाहेर काढलं आणि तो तसाच आ वासून पडला. एक फोटो नाही! मी कॅमेऱ्याला थापडा मारत बसलो. घड्याळ बारा दहाला थांबलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मुहूर्त होता बारा पस्तीसचा. सगळा मांडव त्या घड्याळाकडं डोळे लावून निवांत बसला. भटजी शेजारच्या घरात पडले होते, साडेबाराला हाक मारायची असं ठरलेलं. हाक येईना, तेव्हा एक वाजता तेच डोळे चोळत आले आणि म्हणाले, "लग्न रद्द झालं की काय?"

नाईकांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नंतर ते जे बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच, "गाडीला किक मार आन् नीघ."

बाळापूरपर्यंत मी स्वतःशीच मोठमोठ्यानं भांडत आलो. घरी शिरलो तो ओरडतच. "डबीला हात कुणी लावला?"

"म्या लावला," माझा बाप, थावरा, बाजेवरून शांतपणे म्हणाला. "अंधारात, गारठ्यात टाकलेले लेका तू. सेलाला ऊन लागते. बॅटरीचे, रेडिओचे, सारे सेल आमी उन्हात ठेवूनच जगवले. तीन दिस रोज सकाळी पत्र्यावर ठेवून राहिलो, सांजच्याला डबीत. एकदा दातानं दाबून बी पाह्यले."

मे महिन्यातला पत्रा! त्यावर पापड भाजला असता. मी तोंडाला येईल ते बोललो. बापाला, त्याच्या तांड्याला, मागच्या सात पिढ्यांना. कागद आणून त्याच्या नाकासमोर नाचवला. अर्धा तास झाला तरी माझा दम संपेना.

मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात संगितानं विचारलं, "डबीत ठेवायच्या आधी चार्ज कुठं लावले होते?"

"माठाजवळच्या बोर्डावर. बुधवारी. लाइट नव्हती, म्हटलं येईल तवा होतील."

"ते बोर्ड दिवाळीपासून बंद हाय. तीनदा सांगितलं तुमाला."

मी बोर्डाकडं पाहिलं. बोर्डाच्या एका भोकात कोळ्यानं जाळं केलं होतं. म्हणजे सेल डबीत गेले ते रिकामेच.

बाप बाजेवर उठून बसला. "आज एक बी फोटू निघाला न्हाई का?"

"एक निघाला. नाईकांचा."

"व्हय ना," तो म्हणाला, "तेवढा उन्हाचा."

त्यावर त्या कागदात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. नाईकांच्या धाकट्या पोरीचे फोटो पुढं पुनमचंदनं काढले, आणि खरं सांगायचं तर ते बरे आले.