दिगंबरअण्णांचं घामाशी वैर

आमच्या वरच्या मजल्यावरचे दिगंबरअण्णा जयनगरच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले की मालकीणबाई न विचारताच पारदर्शक नेलपॉलिशच्या बाटल्या काढून ठेवतात. अण्णा पन्नाशी ओलांडलेले, बिनलग्नाचे, विमा कंपनीत नोकरीला. त्यामुळे बाटल्या पिशवीत घालताना बाई दर वेळी काहीतरी विचारायला तोंड उघडतात आणि तसंच मिटतात.

ते नेलपॉलिश अण्णा कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाला लावतात.

अण्णांचा छंद असा, की कॉम्प्युटर त्याच्या ऐपतीपेक्षा जोरात पळवायचा. पळवला की तो तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचं एक भांडं बसवायचं आणि त्यात नायट्रोजन ओतायचा. तोही द्रवरूप, इतका थंड की ओतताना भांड्यातून धूर निघतो. मग फ्रिजमधल्या बाटलीला बाहेर काढल्यावर पाणी सुटतं तसं सगळ्या बोर्डाला सुटतं, आणि एक थेंब जरी नको तिथे गेला तरी बोर्ड कायमचा गप्प. ह्या पाण्याला अण्णा 'घाम' म्हणतात. घाम फुटू नये म्हणून बारीक भागांना नेलपॉलिश, खाचाखोचांत पेट्रोलियम जेली, वर चित्रकारांचं मऊ खोडरबर मळून थापायचं, त्यावर फोम, त्यावर टिपकागद. नाव दिगंबर आणि सगळी सुट्टी जाते गुंडाळण्यात.

बंगळुरूच्या हवेला नावं ठेवणारा एवढा एकच माणूस मी पाहिला आहे. आम्ही पुण्याहून इथे जे. पी. नगरला आलो तेव्हा जो तो हवेचं कौतुक करत होता. अण्णा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "छान कुठली ओ ताई? दमट आहे. फसू नका." लोक बंगळुरूला बदली व्हावी म्हणून साहेबांच्या मागे लागतात. अण्णांनी विजापूरला बदली मागितली, तिथली हवा कोरडी म्हणून. साहेबांना वाटलं अर्जात गावांची अदलाबदल झाली आहे, आणि त्यांनी अण्णांना आहेत तिथेच कायम केलं.

त्यांच्या घरी जायचं तर नियम फार. ओल्या केसांनी यायचं नाही. चहा मिळणार नाही, कारण वाफ होते. बोर्डाजवळ बोलायचं झालं तर "स्वल्प तिकडं तोंड करा" म्हणून खिडकी दाखवतात; अण्णांच्या मराठीत कानडी डोकावतं, स्वल्प म्हणजे जरा. मी खिडकीशी बोलते, अण्णा माझ्या पाठीला उत्तर देतात. आमच्या घरी मात्र ते कधी दाराच्या आत आले नाहीत. "बसा म्हणू नका, काम पडलंय," म्हणायचं आणि उंबऱ्यावरूनच परतायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर अण्णांनी मला कामाला लावलं. इंटरनेटवर ह्या वेड्यांची स्पर्धा असते, आणि अण्णांना त्यात सात गिगाहर्ट्झचा वेग गाठायचा होता. त्याला झेपेल असा त्यांच्याकडे एकच जुना बोर्ड होता. तसे आता निघत नाहीत. म्हणजे जमलं तर त्याच बोर्डावर, नाहीतर नाही. ते ओतणार आणि ते सांगतील तेव्हा मी कळ दाबणार, एवढंच माझं काम. शनिवारभर त्यांनी बोर्ड गुंडाळला. रविवारी सकाळी, नायट्रोजनने गुदमरायला नको म्हणून, सगळ्या खिडक्या उघडून आम्ही सुरुवात केली.

सहा पूर्णांक आठ झालं. सहा पूर्णांक नऊ झालं. "सरी, ठीक आहे, दाबा," अण्णा म्हणाले. मी कळ दाबली आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं माझंच काही चुकलं. अण्णांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोर्डाची थंडी उतरल्यावर त्यांनी एकेक थर सोडवला. पुढून सगळं कोरडं ठणठणीत. मागच्या बाजूला, एका स्क्रूच्या भोकाजवळ, मोहरीएवढी जागा उघडी राहिली होती. तिथे पाणी होतं.

"एवढंसं तर राहिलं अण्णा," मी म्हणाले. "एवढं गुंडाळलंत, त्यात एखादी जागा राहणारच."

"आईचं पण असंच झालं ओ," अण्णा म्हणाले. ते बोटाच्या मागच्या बाजूने ती जागा टिपत होते. "दोन वर्षं अंथरुणावर होती. कूस मी बदलायचो, पुसायचो मी, पावडर मी. ओल म्हणून कुठं ठेवली नाही. पाठीला एक डाग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली मला. आणि टाच राहिली."

"टाच?"

"पायात मोजे होते. थंडी वाजायची तिला, म्हणून मीच घातलेले. काढून बघितलं नाही कधी. जखम हाडापर्यंत गेलेली."

"आईंनी सांगितलं नाही?"

"नाही. पोरगं आधीच दमलंय म्हणून." बोर्ड त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "सगळीकडं बघितलं ताई मी. पण बघणारा मी एकटाच की ओ."

मला रडू आलं, आणि सवयीने मी खिडकीकडे तोंड केलं.

पुढच्या आठवड्यात दाराची बेल वाजली. अण्णा उभे होते, हातात ताट, ताटात दुसरा बोर्ड. ह्याच्यावर सात कधी होणार नाही, हे त्यांनीच सांगून टाकलं.

"गुंडाळून झालाय. स्वल्प बघता का, माझं कुठं राहिलंय काय?"

"अण्णा, मला ह्यातलं काही कळत नाही."

"कळायला कशाला पाहिजे? बघा फक्त."

मी हात कोरडे केले, बोर्ड उजेडात नेला आणि आधी उलटा करून एका कोपऱ्यापासून बघायला लागले. मला वेळ लागणार हे दिसल्यावर अण्णा आत आले, चपला दाराशी नीट लावल्या, आणि खुर्ची ओढून बसले.