प्रकृती स्थिर

आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेची पुढची प्रमुख मीच होणार, याची मला नव्याण्णव टक्के खात्री होती. एक टक्का चुकीसाठी सोडला होता. विज्ञानाची पदवी आहे शेवटी! साहेब संध्याकाळी निर्णय सांगणार होते. आणि जी स्वतःच आतून स्वस्थ नाही, ती इतरांना काय सांभाळणार? म्हणून दुपारी दोनला मी प्रयोगशाळेच्या ग्रुपवर नेमक्या शब्दांत कळवलं, "प्रकृती स्थिर. चार वाजेपर्यंत कुणीही भेटू नये." मग फोन बंद करून सामानाच्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटले.

आहाहा! फ्रिजची घरघर लांबच्या समुद्रासारखी झाली. रिकाम्या चंबूंमधून पाझरलेलं ऊन पापण्यांवर डोलायला लागलं. नाडी अठ्ठ्याहत्तरवरून एकसष्टवर! गढूळ पाणी निवळावं तशी मी निवळत गेले.

"श्वास चालू आहे का गं?" कुठूनसा मायाळू आवाज आला.

चालू आहे, मी मनातच म्हटलं.

"पाय वर घ्या!"

पाय आपोआप वर गेले. मी ढगावर तरंगत होते. ढग जरा हाडकुळा होता, एवढंच. मग चेहऱ्यावर गार तुषार आले. स्वर्गच!

स्वर्गाला वास कसला येतोय म्हणून डोळे उघडले. आमचा काटकुळा तंत्रज्ञ, ज्याला सगळे पिपेट म्हणतात, माझे पाय धरून उभा. सफाईवाल्या मावशी पाणी शिंपडतायत. दारात, कुणीतरी फोन करून बोलावलेली आई, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बाबांची!

"काय झालं गं माझ्या पोरीला?"

"काही नाही! ध्यान करत होते!"

"मग 'प्रकृती स्थिर' कशाला लिहिलंत?" पिपेट किंचाळला. "बातम्यांत असं कुणाबद्दल लिहितात, ठाऊक आहे ना?"

"मावशी, हे पाणी कुठलं?"

"ही काय, समोरची बाटली."

नमुना क्रमांक सात. गटाराशेजारच्या विहिरीचा.

तेवढ्यात साहेब आले. संपलं, मी म्हटलं.

"बाकीचे नमुने राहिले असतील ना?" मी पुटपुटले.

"सगळे झाले! तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून सगळ्यांनी आपणहून उरकले. एरवी तुमच्या शंकांपायी निम्मेही होत नाहीत. प्रमुख तुम्हीच! फक्त रोज असंच स्वस्थ बसायचं."

"दोन ते चार?"

"छे, छे! दहा ते सहा."

तेव्हापासून मी आतून इतकी स्वस्थ आहे, की विचारू नका!