दोन विहिणी आणि एक माशी

मंगळवारी सकाळी मथुराबाईंच्या चहात माशी पडली. त्यांनी चहा मोरीत ओतला आणि सुनेला दुसरा कप करायला सांगितलं. दुसऱ्या कपातही माशी होती. तिसऱ्या वेळी शिवानीने कप खिडकीशी नेला, उजेडात धरून चमच्याने तळापर्यंत ढवळला आणि चहात काहीच नाही असं हळूच सांगितलं. लग्नाला आठ वर्षं होऊन या पोरीला माशी ओळखता येईना, याचं मथुराबाईंना नवल वाटलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत त्यांचं घर स्वच्छतेसाठी नावाजलेलं होतं. गल्लीतल्या बायका त्यांच्या ओट्यावर येताना चपला तर काढतच, वर टाचाही पुसून घेत. अशा घरात माशी म्हणजे अब्रूचाच प्रश्न होता.

दुपारी माशी भाकरीवर बसली, मग टीव्हीवर, आणि मग त्यांच्या नवऱ्याच्या, बब्रुवानरावांच्या टकलावर. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बब्रुवानराव तेव्हा गाढ झोपेत होते. ओल्या पंच्याचा फटका बसताच ते उठून बसले आणि आपलं नेमकं काय चुकलं ते बराच वेळ आठवत राहिले.

बुधवारी फरशी दोनदा फिनाईलने पुसली गेली. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. शेजारच्या सखूबाईंना गोठ्यातलं शेण रोजच्या रोज उचलायला बजावण्यात आलं. सखूबाईंनी म्हैस सहा महिन्यांपूर्वीच विकली होती, त्यामुळे भांडण झालं. संध्याकाळी मथुराबाईंनी घरात कडुलिंबाच्या पाल्याचा असा धूर केला की गल्लीतले चार जण बादल्या घेऊन धावत आले. सगळे खोकत बाहेर पडले. माशी मात्र धुरातही तशीच, मथुराबाईंच्या समोर, निवांत तरंगत होती.

खरं तर मथुराबाई आतून घाबरल्या होत्या, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. गेले काही महिने सुईत दोरा जात नव्हता. कंबर दुखते असं सांगून त्यांनी तांदूळ निवडणं सुनेकडे सोपवलं होतं. ओट्याच्या पायऱ्या त्या भिंतीला हात लावून उतरत. बारा वर्षांपासून त्यांना शुगर होती आणि रोज सकाळी एक गोळी त्या नेमाने घेत. त्या गोळीवर त्यांचा इतका विश्वास होता की भूमच्या खव्याचे दोन पेढे त्यातच भागतात असा त्यांचा हिशेब होता. डोळे कधी दुखले नव्हते, म्हणजे डोळ्यांना काही झालेलं नाही, हेही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

गुरुवारी शिवानीची आई, गजराबाई, कळंबहून आली. या विहिणीशी मथुराबाईंचं कधी जमलं नव्हतं. गजराबाई समोर बघून बोलत नसे. मान वळवून, तिरकं बघायची. हा माहेरच्या मोठेपणाचा ताठा आहे असं मथुराबाईंनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं, आणि आठ वर्षं दोघींचं बोलणं पाऊसपाण्याच्या पुढे गेलं नव्हतं.

गजराबाईने चहाची बशी तोंडाला लावली, आणि त्याच वेळी माशी तिच्या कपाळावर, अगदी भुवईच्या वर येऊन थांबली. तीन दिवसांत इतकी जवळ ती पहिल्यांदाच आली होती. मथुराबाई पाहुणी विसरल्या, नातं विसरल्या. त्यांचा हात उठला आणि चटकन आवाज झाला.

चहा गजराबाईच्या नव्या लुगड्यावर सांडला. शिवानी पोह्यांची ताटली घेऊन दारातच थिजली. बब्रुवानरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, ते उलटं होतं.

"माशी व्हती," मथुराबाई पुटपुटल्या.

"मेली का?" गजराबाईने शांतपणे विचारलं.

"न्हाय. आता त्या भितीवर हाय."

गजराबाईने पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे पाहिलं, मग मान वळवून विहिणीकडे. कपाळ चोळत तिने मथुराबाईंना दाराकडे बघायला सांगितलं. माशी दाराकडे गेली. छताकडे बघायला सांगितलं, माशी छताला. डावा डोळा झाकायला सांगितला, तरी माशी होती.

"आता उजवा झाका."

मथुराबाईंनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, आणि भिंत स्वच्छ झाली. हात काढला, माशी आली. पुन्हा झाकला, गेली. त्यांनी हे दहाएक वेळा केलं. तीन दिवस सगळं घर ज्या माशीमागे धावलं, ती घरात कधी आलीच नव्हती.

"ह्या माशीला म्या वळखते," गजराबाई म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीनं धाराशिवला जायचं."

धाराशिवच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातल्यावर सगळं जग उजेडात विरघळलं. मग यंत्राने फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईंनी तो मोठ्या पडद्यावर, अगदी जवळ बसवून दाखवला. मथुराबाई बघतच राहिल्या. मावळतीच्या सूर्याएवढा एक शेंदरी गोळा होता. त्याच्या एका कडेला पिवळं तेज, आणि तिथून लाल नद्या फुटून चहूकडे पसरलेल्या. नद्यांच्या काठी रक्ताचे ठिपके सांडले होते आणि एक काळी रेघ मधोमध लोंबत होती.

"हे माज्यात हाय?" त्यांनी विचारलं.

साठ वर्षांपासून आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शुगरने डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या नाजूक शिरांमधून रक्त झिरपलं होतं, आणि माशी म्हणजे त्याचीच सावली. लेझर करावं लागणार होतं, तेही दोन-तीनदा. सांडलेलं रक्त हळूहळू निवळेल, पण शुगर आटोक्यात ठेवली नाही तर परत सांडेल, आणि गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. मथुराबाईंना अर्धंच ऐकू आलं. एवढं मोठं रान आपण डोळ्यात घेऊन फिरत होतो, आणि कधी डोकावून पाहिलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

बाहेर बाकावर त्यांनी विहिणीला विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?

"माज्या डाव्या डोळ्यात बी आलती माशी. म्या चार महिने मारत बसले."

"मग?"

"मग माशी गेली. तिच्यासंगं बाकीचं बी गेलं."

ती समोरच बघत होती. मथुराबाईंनी पहिल्यांदाच तो डावा डोळा नीट न्याहाळला. तो कुणाकडेच बघत नव्हता. आठ वर्षं ज्याला ताठा म्हटलं, ते बिचारीचं बघणं होतं. मथुराबाईंनी पिशवीतला पेरू काढून तिच्या हातात दिला.

लेझरसाठी दोघी तीन वेळा धाराशिवला गेल्या. बब्रुवानरावांना कुणी बरोबर नेलं नाही. दोन महिन्यांत काळी रेघ विरत विरत नाहीशी झाली. एका सकाळी मथुराबाई ओट्यावर बसल्या आणि त्यांना कडुलिंबाची पानं सुटी सुटी दिसली, प्रत्येकाला करवतीसारखी कड. शिवानीच्या कानामागे एक पांढरा केस दिसला. त्या दिवशी त्यांनी सुनेला बसवून स्वतः चहा केला, बिनसाखरेचा.

पुढच्या तपासणीहून परतताना एसटी निम्मी रिकामी होती. मथुराबाई नेहमीप्रमाणे विहिणीच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. येरमाळा मागे पडल्यावर त्या उठल्या आणि तिच्या उजवीकडे येऊन बसल्या.

गजराबाईने मान न वळवता त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आठ वर्षांत तुमचं तोंड आज नीट दिसलं," ती म्हणाली.

मथुराबाईंनी पदर सारखा केला. "मग?"

"वाटलं व्हतं त्यापरीस बरं हाय."