अर्ध्या ‘ण’चं अंतर

विनोदिनीला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, डॉक्टर झालोच आहोत तर कॅज्युअल्टीचंच डॉक्टर राहायचं. आणि दुसरी, आपल्याला कानडी उत्तम येतं.

पहिली गोष्ट घरात कुणाच्या गळी उतरत नव्हती. निपाणीच्या पेठेत वडिलांनी दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवला होता, पाटीसुद्धा रंगवायला टाकली होती. “कॅज्युअल्टीचा डॉक्टर म्हणजे काय गं?” ते विचारत. “लोक कधी पडतात त्याची वाट बघत बसायचं?” दुसऱ्या गोष्टीला मात्र कुणाची हरकत नव्हती. निपाणीत भाजी घेण्यापुरतं कानडी सगळ्यांनाच येतं, आणि भाजी घेताना माणूस चुकला तर फार तर वांग्याऐवजी दोडका येतो.

आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा होता. बेळगावच्या ज्या सरकारी दवाखान्यात ती लागली, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, मार्तंडरावांनी, तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “बायकांनी बाळंतपणं बघावीत. कॅज्युअल्टीत रक्त असतं.”

“बाळंतपणात काय गुलाबपाणी असतं, सर?”

मार्तंडराव हसले नाहीत. “महिनाभर बसा. एक चूक झाली की वरच्या मजल्यावर, बाळंतिणींकडं.”

महिना संपायला आला होता आणि चूक झाली नव्हती. त्या दिवशी भर दुपारी कंग्राळीहून एक बैलगाडी आली. गाडीत गंगव्वा नावाची म्हातारी होती. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि नागानं डसलं. मुलगा कल्लाप्पा आणि सून शेवंताबाई तिला धरून होते. म्हातारीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, मान लुळी पडली होती, आणि बोलणं नाकातून, विहिरीच्या तळातून यावं तसं येत होतं.

विनोदिनीनं ओळखलं. विष अंगातले स्नायू एकेक करून झोपवत चाललं होतं; शेवटी श्वासाचे झोपतात. लस भांडारातल्या फ्रीजमध्ये होती आणि भांडाराची किल्ली तिच्याकडे. धावता धावता तिनं दारातल्या आण्णाप्पाला, चिकोडीकडच्या त्या जुन्या वॉर्डबॉयला, आपल्या उत्तम कानडीत सांगितलं, “हेण ओळग ओय्यि.”

बाईमाणसाला आत ने, असं तिला म्हणायचं होतं. कानडीत बाईला हेण्णु म्हणतात. हेण म्हणजे मुडदा. मध्ये काय ते अर्ध्या ‘ण’चं अंतर.

आण्णाप्पानं म्हातारीकडे पाहिलं. डोळे मिटलेले, जबडा सुटलेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते त्याला पटलं. त्यानं पांढरी चादर तोंडावरून ओढली, कल्लाप्पाला म्हणाला, “कागद झाले की बॉडी मिळंल,” आणि तिचा चाकांचा गाडा ढकलत ढकलत बोळाच्या टोकाला, मुडदेघरात नेऊन लावला.

विनोदिनी लस घेऊन आली तेव्हा टेबल रिकामं होतं. शेवंताबाई जमिनीवर बसून रडत होती आणि कल्लाप्पा कुणाला तरी सायकलवरून गावाकडे पिटाळत होता. “बांबू आन मडकं आणायला सांग रं. येळ लावू नगंस म्हणावं.”

“पेशंट कुठं आहे?”

“तुम्हीच सांगिटला की, बाई,” आण्णाप्पा म्हणाला. “हेण.”

आपण काय बोललो ते तिला बोळ पळत संपवताना कळलं.

मुडदेघरात वीज नव्हती. फिनेलचा वास, जाळीतून आलेली उन्हाची एक पट्टी, आणि ओळीनं तीन गाडे. तिन्हींवर सारखी पांढरी चादर. तिन्ही चादरी सारख्याच निश्चल. उन्हाळ्यात मेलेलं माणूसही लवकर गार होत नाही, त्यामुळे हात लावून समजणार नव्हतं, आणि त्या अंधारात एकेक चादर उचलून चेहरा ओळखत बसायला वेळ नव्हता. ती मध्यभागी उभी राहिली. आपण कॅज्युअल्टीत नसून भलत्याच दारात आलो आहोत असं तिला वाटलं. तरी ती खणखणीत मराठीत म्हणाली,

“गंगव्वा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.”

काहीच झालं नाही. माशीचा आवाज तेवढा येत होता. मग भिंतीकडच्या गाड्यावर, चादरीच्या टोकाला, कापड किंचित वर झालं आणि पुन्हा बसलं.

विनोदिनी तिकडे धावली. तिनं चादर ओढली. छाती हलत नव्हती. तिनं म्हातारीचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरला. आण्णाप्पा मागोमाग दारात आला होता. डॉक्टरीणबाई मुडद्याच्या तोंडाला तोंड लावून आहेत आणि मुडद्याची छाती वर येतेय, एवढं त्यानं पाहिलं आणि तो दारातच खाली बसला.

“फुगा आण!” दोन श्वासांच्या मध्ये ती ओरडली. या वेळी तिनं कानडी वापरलं नाही.

श्वास द्यायचा रबरी फुगा आला. तो दाबत दाबत गाडा परत कॅज्युअल्टीत आला. तिनं घशात नळी घातली, लस दिली, आणि फुगा दाबत बसली. दाबला की छाती वर, सोडला की खाली. थांबला की सगळं संपलं.

आता कल्लाप्पा आणि शेवंताबाई दोन्ही बाजूंना उभे. “आय गेली म्हणला न्हवं?” कल्लाप्पा दबक्या आवाजात म्हणाला. “मग छाती कशी हालतीया?”

“वारं भरतीया ती म्हातारीत,” शेवंताबाई म्हणाली आणि दोन पावलं मागं सरली. थोडी दूर गेल्यावर तिला पुन्हा रडू आलं. “आत्ती गं, तुमचा तांब्याचा हंडा आता कोण घासंल? धाकट्या सुनंला घासायचं वळण न्हाय गं आत्ती, त्यो मीच नेती गं…”

तेवढ्यात मार्तंडराव आले. त्यांनी पापणी उचलली, बॅटरी मारली. बाहुली हलली नाही. त्यांनी बॅटरी खिशात ठेवली.

“विनोदिनीबाई, बास. मेलेल्या बाईला फुगा दाबताय तुम्ही.”

“विषानं बाहुली झोपते, सर. त्या ऐकतायत सगळं.”

“नातेवाईक बांबू घेऊन यायला लागलेत. बॉडी द्या त्यांना आणि उद्यापासून वरच्या मजल्यावर या.”

तिचे हात भरून आले होते, पण ती थांबली नाही. “गंगव्वा, अंगठा.”

सगळ्यांनी पायाकडे पाहिलं. अंगठा हलला.

शेवंताबाईचं रडणं मध्येच तुटलं. कल्लाप्पा मात्र हात जोडून पुढे झाला. अंगात वारं आलं की ते कुणाचं हे आधी विचारायचं असतं, एवढं त्याला गावात कळलेलं होतं.

“कोण हाईस तू?” त्यानं पायालाच विचारलं. “आमची आयच असलीस तर एकदा हालीव. भाईरची असलीस तर दोनदा.”

अंगठा एकदा हलला. खोलीत कुणीही श्वास घेत नव्हतं. ज्या एकीच्या छातीत जात होता तोही विनोदिनीच्या हातातला होता. मग अंगठा दुसऱ्यांदा हलला, आणि कल्लाप्पा, शेवंताबाई आणि नुकताच मडकं घेऊन पोचलेला सायकलवाला एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडले. मडकं दारातच फुटलं.

मार्तंडराव जागचे हलले नव्हते. पायाकडे बराच वेळ बघून त्यांनी अस्तन्या वर केल्या. “सरका,” ते म्हणाले. “तुमचे हात कापताहेत. मी दाबतो.”

आळीपाळीनं ते दोघं फुगा दाबत राहिले. उन्हं कलली तेव्हा म्हातारीनं आपला आपण एक श्वास घेतला, मग आणखी एक. पापण्या उघडल्या. नळी काढल्यावर कल्लाप्पा दारातून आत आला, नातेवाइकांमधला तेवढाच.

“आय, दोनदा का हालीवलास?”

“मुंगी चावली रं,” गंगव्वा घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग तिनं दाराबाहेर पाहिलं. “शेवंताला सांग, हंडा धाकटीला.”

मार्तंडरावांनी वरच्या मजल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. “कॅज्युअल्टी तुमची,” एवढंच म्हणून गेले. विनोदिनीनं त्या संध्याकाळी वडिलांना तार केली: पाटी रंगवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा दवाखान्यासमोर एक बैलगाडी उभी होती. कंग्राळीशेजारच्या गावचा भावकू नावाचा माणूस आईला, जयाबाईला, घेऊन आला होता. आईला न्हाऊ घातलेलं होतं, नवं लुगडं नेसवलं होतं. ती आदल्या दिवशीच गेली होती. हे कळायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती.

“हिलाबी हाक मारा, बाई,” भावकू म्हणाला. “कंग्राळीची उठवलीसा म्हणं.”

“ती मेली नव्हती हो.”

“आमचीबी न्हाय असंच वाटतंया की.”

विनोदिनीनं वळून पाहिलं. मार्तंडराव जिन्यात थांबले होते. “कॅज्युअल्टी तुमची,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, आणि वर निघून गेले.

तिनं गाडीजवळ स्टूल ओढलं आणि आईचं वय विचारलं. मागं रस्त्यावर दुसरी एक गाडी येऊन थांबली, आणि तिच्यामागं तिसरी.